धर्माच्या गाईचे दात

प्रति,
ठाणे, ऐरोली, घणसोली आणि महापे येथे सॉफ्टवेअरचे काम करणाऱ्या, आणि मुक्त स्रोत सॉफ्टवेअरविषयी चारचौघांत मत मांडणाऱ्या मित्रमैत्रिणींस,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

मी ठाणे पश्चिमेतील एका लहान ग्रंथालयात गेली सव्वीस वर्षे सूचीकरण करते. दाखल नोंदवही, तालिकापत्रांचे लाकडी खण आणि देवघेवीची कार्डे यांत माझा बहुतेक काळ गेला, आणि आता उरलेला काळ तुमच्यापैकी काहीजणांमुळे संगणकासमोर जातो आहे. आठवडाभर कंपनीत राबून झाल्यावर शनिवारच्या संध्याकाळी येऊन तुम्ही आमची सगळी सूची एका मुक्त सॉफ्टवेअरवर, म्हणजे ज्याचा आतला कोड कोणालाही पाहता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरवर, चढवून दिलीत आणि चहाखेरीज काही घेतले नाहीत. हे सुरुवातीलाच नोंदवून ठेवते, कारण पुढचा मजकूर तुमच्यापैकी दोघांना तरी टोचणार आहे.

मागच्या महिन्यात देवघेव बंद झाल्यावर तुमच्यात वाद झाला. नव्या आवृत्तीत मराठी शब्दांचा शोध नीट चालत नाही, असा विषय होता. एकाने आपली म्हण ऐकवली, ‘धर्माची गाय आणि दात का नाय’, म्हणजे फुकट मिळालेल्या वस्तूला नावे ठेवू नयेत. दुसऱ्याने त्याच सॉफ्टवेअरविषयी जाहीरपणे लिहिलेला आपला मजकूर फोनवरून वाचून दाखवला. त्यात ते सॉफ्टवेअर भिकार होते, ते घडवणारे झोपा काढत होते, आणि ‘ज्यांना जमत नाही त्यांनी दुसऱ्याच्या हाती द्यावे’ असा सल्लाही होता. बाकीचे हसले. मी दाखल क्रमांक टाकत गप्प बसले. मला दोघांचेही पटले नव्हते, आणि दुसऱ्याची चूक तर मी स्वतः तीन वर्षांपूर्वी करून बसले होते. म्हणून त्या संध्याकाळी जे बोलले नाही ते आज उघडपणे लिहीत आहे.

आधी गाईचे पाहू. ती म्हण एका घरी आलेल्या एका गाईपुरती ठीक आहे. दात पडके निघाले तर नुकसान त्या घरचे, आणि दात्याचा मान राखून गप्प बसण्याचा हक्कही त्याच घरचा. आमच्या सॉफ्टवेअरची गोष्ट तशी नाही. त्यात आमच्या सभासदांची नावे, पत्ते आणि वाचनाचा इतिहास आहे. उद्या डोंबिवलीतले किंवा पनवेलचे एखादे ग्रंथालय ‘तुमच्याकडे कसे चालले आहे?’ असे विचारून तेच सॉफ्टवेअर घेईल. मी सभ्यपणा म्हणून दोष झाकला, तर त्यांची फसवणूक होईल आणि तीत माझाही हात असेल. अशा सॉफ्टवेअरबरोबर येणाऱ्या परवान्यांमध्ये ते ‘जसे आहे तसे’ देत असल्याचे आणि कसलीही हमी नसल्याचे लिहिलेले असते, याकडे पहिल्या मित्राने बोट दाखवले होते. ते कलम घडवणाऱ्याला नुकसानभरपाईच्या दाव्यापासून वाचवते. वापरणाऱ्याने दोष सांगू नये, असे त्यात कुठेही म्हटलेले नाही. उलट रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये जीएनयू हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प जाहीर केला, आणि त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीत मुक्त सॉफ्टवेअरची जी चार स्वातंत्र्ये सांगितली जातात, त्यांत प्रोग्राम आतून कसा चालतो ते पाहण्याचे, अभ्यासण्याचे स्वातंत्र्य आहे. ज्या गाईबरोबर दात पाहण्याचा हक्कही लिहून दिला आहे, तिचे दात पाहण्यात कसला आला अधर्म?

दात कोणीच पाहिले नाहीत तर काय होते, हे एप्रिल २०१४ मध्ये कळले. इंटरनेटवरचा मजकूर गुप्त ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये ‘हार्टब्लीड’ नावाची चूक सापडली. समोरच्याने ‘माझा एवढ्या लांबीचा मजकूर परत पाठव’ असे सांगितले, की ती लांबी खरी आहे का हे न तपासता सर्व्हर आपल्या स्मृतीतला तेवढा मजकूर पाठवून देत असे, मग त्यात कोणाचा पासवर्ड असो की गुप्त किल्ली. मार्च २०१२ च्या आवृत्तीपासून ही चूक तिथे होती. जगभरच्या बड्या कंपन्या हे सॉफ्टवेअर रोज वापरत होत्या, आणि त्या प्रकल्पाला मिळणाऱ्या देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर होत्या. पूर्णवेळ काम करणारा माणूस एकच होता. तेव्हा गप्प राहणाऱ्यांना मी सौजन्यशील म्हणणार नाही. वापरायचे, पैसे द्यायचे नाहीत, तपासायचेही नाही आणि त्याला आदर म्हणायचे, हा सोयीचा आळस आहे.

आता दुसऱ्या मित्राकडे वळते. गडकरी रंगायतनात मध्यंतराला हातात बटाटावडा घेऊन आपण नाटकाची जी चिरफाड करतो, तिच्यामागे तिकिटाचे पैसे असतात. नटाने त्या रात्रीपुरता आपल्याला शब्द दिलेला असतो. मुक्त सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या माणसाने, ज्याला तुम्ही मेंटेनर म्हणता, तसा शब्द कोणालाच दिलेला नसतो. त्याची तुलना करायची तर ती आपल्या सोसायटीच्या मानद सचिवाशी करता येईल. घोडबंदर रस्त्यावरच्या कोणत्याही सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा आठवा. टँकर उशिरा आला, लिफ्ट बंद पडली, वरच्या मजल्यावरून पाणी गळते, या तक्रारी बहुधा खऱ्याच असतात. पण ज्या माणसाने नोकरी सांभाळून, रात्री जागून, एक रुपया मानधन न घेता हिशेब लिहिले, त्याला ‘तुम्ही करता तरी काय?’ असे विचारणारा सभासद पुढच्या वर्षी त्या खुर्चीसाठी अर्ज भरत नाही. तीनचार वर्षांत चांगली माणसे त्या पदापासून लांब पळतात, आणि मग ते अशा माणसाच्या हाती जाते ज्याला त्यात निराळाच रस असतो.

हा शेवटचा भाग मी सोसायटीपुरता लिहिला असता, तर अतिशयोक्ती म्हणून सोडून देता आला असता. पण सॉफ्टवेअरच्या जगात तो नेमका तसाच घडला आहे. एक्सझेड हे फायली दाबून लहान करणारे साधन लिनक्स या मुक्त संगणकप्रणालीच्या बहुतेक सगळ्या प्रकारांत असते, आणि लासे कॉलिन हे गृहस्थ ते अनेक वर्षे जवळजवळ एकट्याने, विनावेतन सांभाळत होते. २०२२ मध्ये काही अनोळखी नावांनी त्यांच्यावर जाहीरपणे दबाव आणायला सुरुवात केली. सुधारणा वेळेवर होत नाहीत, तुमचा रस संपला आहे, काम दुसऱ्याकडे सोपवा, असा त्या लिखाणाचा सूर होता. त्यांतले एक नाव तर आपल्याकडचे वाटावे असे होते. कॉलिन यांनी उत्तर दिले, की रस संपलेला नाही, पण दीर्घकाळच्या मानसिक त्रासामुळे आपली शक्ती मर्यादित आहे आणि हा बिनपैशाचा छंदाचा प्रकल्प आहे. पुढे ‘जिया टॅन’ या नावाने मदतीला आलेल्या व्यक्तीकडे प्रकल्पाचे अधिकार गेले, आणि २०२४ च्या सुरुवातीला ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये दूरच्या संगणकात शिरण्याचा चोरदरवाजा बसवला गेला. दबाव आणणारी ती नावे बनावट होती आणि एकाच कटाचा भाग होती, असे अभ्यासकांचे मत आहे. माझ्या मित्रा, ‘दुसऱ्याच्या हाती द्यावे’ हे वाक्य तू सहज लिहिलेस, तुझ्या मनात काही वाईट नव्हते, हे मला ठाऊक आहे. पण त्या कॉलिनला खऱ्या वापरकर्त्याची चिडचिड आणि चोराची चाल यांतला फरक ओळखता आला नाही, कारण दोन्हींची भाषा सारखीच असते. आपण सगळ्यांनी मिळून ती भाषा इतकी नेहमीची करून ठेवली नसती, तर चोराला तिच्यामागे लपता आले नसते.

आणि त्याच प्रकरणात खऱ्या टीकेचा नमुनाही सापडतो. तो चोरदरवाजा कोणत्याही सुरक्षासंस्थेने शोधला नाही. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे प्रोग्रामर आपल्या वेगळ्याच चाचण्या घेत असताना त्यांना दिसले, की दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! आपण तेवढ्यावर फार तर ‘हल्ली सगळेच स्लो झाले आहे’ असे म्हटले असते. ते मागे लागले, कारणाच्या मुळाशी गेले, धोका मोठा आहे हे दिसताच आधी संबंधितांना खाजगीत कळवले आणि २९ मार्च २०२४ रोजी सविस्तर जाहीर टिपण लिहिले. त्या टिपणात आपण सुरक्षासंशोधक नाही हे त्यांनी सांगितले आहे. काय मोजले, काय नुसते पाहिले आणि कशाचे विश्लेषण अजून झालेले नाही, हे वेगळे काढून लिहिले आहे. आरोप इतका गंभीर, की त्याहून गंभीर या क्षेत्रात सुचणार नाही, आणि तरीही आवाज चढलेला नाही.

माझी स्वतःची गोष्ट याच्या अगदी उलट आहे. तीन वर्षांपूर्वी एका ज्येष्ठ सभासदांना एक प्रवासवर्णन हवे होते, ज्याच्या शीर्षकात ‘दऱ्या’ हा शब्द होता. संगणक म्हणाला, असे पुस्तक नाही. पुस्तक माझ्या पाठीमागच्या कपाटात होते. सभासद हसून म्हणाले, ‘ताई, तुमचे लाकडी खणच बरे होते.’ मी इतकी चिडले, की तुम्हाला कोणाला न विचारता त्याच रात्री माझ्या मोडक्या इंग्रजीत प्रकल्पाच्या जाहीर नोंदीत लिहून टाकले, की तुम्हाला मराठी ही भाषाच वाटत नाही, २०११ च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली आहे, आणि दऱ्याही सापडू नयेत अशी तुमची सूची काय कामाची. लिहायला दहा मिनिटे लागली आणि लिहून झाल्यावर फार बरे वाटले.

चार दिवसांनी कुठल्याशा परदेशातल्या माणसाचे तीन ओळींचे उत्तर आले. सूचीत साठवलेले शीर्षक आणि शोधताना टंकलेला शब्द, दोन्ही जसेच्या तसे चिकटवून पाठवाल का, एवढेच त्याने विचारले होते. ते करायला बसले तेव्हा माझ्या लक्षात आले. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांतल्या. ‘आचार्यास’ आणि ‘आचाऱ्यास’ यांतला फरक तर आपण शाळेत हसत हसत शिकलो. ‘दऱ्या’तला तो अर्धा र युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात सगळ्या लिप्यांची अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, दोन प्रकारे लिहिता येतो. एक, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याचा पाय मोडायचा. दुसरा, साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ते दोन निराळे शब्द आहेत. आमच्याकडे नोंदी भरणाऱ्या दोघीजणी दोन निराळे कळफलक वापरत होत्या. निम्मी सूची एका तऱ्हेने भरली होती आणि निम्मी दुसऱ्या. दोघींपैकी कोणीच चुकली नव्हती, सॉफ्टवेअरही फारसे चुकले नव्हते, आणि ज्यांना मी मराठीद्वेष्टे ठरवले होते त्यांनी तर काहीच केले नव्हते.

जिथे रागाने लिहिले होते, त्याच जागी मी क्षमा मागितली. मग दोन संध्याकाळी बसून दुसरी नोंद तयार केली. सात शीर्षके घेतली, प्रत्येक दोन्ही प्रकारे टंकून दाखवले, आवृत्ती कोणती ते लिहिले, काय शोधले, काय मिळाले आणि काय मिळायला हवे होते ते लिहिले, आणि शेवटी म्हटले, की शोधताना ही दोन्ही रूपे एकच मानली गेली तर मराठी ग्रंथालयांचा मोठा अडथळा दूर होईल. ती मागणी अजून मान्य झालेली नाही. ते अदृश्य चिन्ह सिंहलीसारख्या दुसऱ्या लिप्यांतही काम करते, त्यामुळे सरसकट गाळले तर तिथे बिघाड होईल, असे त्यांचे म्हणणे आहे आणि ते मला पटते. तरीही आमचा दोष खरा आहे आणि मी तो सांगत राहणार आहे. पहिली नोंद दहा मिनिटांची होती आणि दुसरी दोन संध्याकाळींची, आणि आदर म्हणून जे काही असते ते मला त्या दोन संध्याकाळींमध्येच दिसते. गोड शब्द त्यात एकही नव्हता.

आमच्या ग्रंथालयशास्त्रात डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये पाच सूत्रे मांडली. त्यांतले चौथे ‘वाचकाचा वेळ वाचवा’ असे आहे. टीका करताना वाचक म्हणजे तो मेंटेनर, जो ऑफिसातून घरी जाऊन मुलांना झोपवून मग तुमची नोंद उघडणार आहे. त्याला ‘शोध चालत नाही’ असे लिहिले, तर त्याचा पहिला तास तुम्हाला उलट प्रश्न विचारण्यात जातो. ‘सगळे वापरकर्ते वैतागले आहेत’ असे लिहिले, तर ते खोटेही असते, कारण सगळ्यांना आपण विचारलेले नसते. मी आमच्या एका ग्रंथालयापुरतेच बोलू शकते. आरंभी स्तुतीचा गुळाचा खडा ठेवून मग कडू काढा पाजण्याची आपल्याकडची पद्धतही मला आवडत नाही. खरोखर एखादी गोष्ट उपयोगी पडली असेल तर ती नेमकी सांगावी, नसेल तर थेट विषयावर यावे. आणि एक गोष्ट आपण जवळजवळ कधीच करत नाही. दोष दुरुस्त झाला, तर परत जाऊन आपल्या जुन्या जाहीर मजकुराखाली ‘अमुक आवृत्तीत हे सुधारले आहे’ असे लिहायला हवे. आपली टीका तिथे वर्षानुवर्षे राहते आणि नवा माणूस तीच खरी धरून चालतो.

यावर तुमच्यापैकी कोणीतरी ‘स्पष्टवक्ता सुखी भवेत्’ म्हणणार, हे मला दिसते आहे. आपल्याला तोंडावर बोलण्याचा फार अभिमान असतो, आणि सॉफ्टवेअरवाल्यांना तर लिनक्स घडवणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांचा दाखला देता येतो, ज्यांच्या फटकळ पत्रांचे किस्से तुम्हीच मला सांगितले आहेत. पण त्याच टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या वागण्याबद्दल जाहीर माफी मागून काही काळ लिनक्सच्या कामातून रजा घेतली होती, हा किस्सा मला कोणी सांगितला नव्हता. तो मला वाचून कळला. लिनक्सचा दर्जा त्या माफीमुळे उतरल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

तुमच्यापैकी काहीजण स्वतःही मुक्त सॉफ्टवेअर लिहिता आणि सांभाळता, त्यांच्याशीही दोन शब्द बोलायचे आहेत. कोणी दोष दाखवला, की ‘मग कोड लिहून पाठवा’ असे उत्तर देणे बंद करा. मला कोड येत नाही, या जन्मी येणारही नाही. पण अर्ध्या र ची दोन रूपे एका सूचीत आली की काय होते, हे तुमच्यापेक्षा मला आधी दिसते, कारण काउंटरवर सभासद माझ्यासमोर उभा असतो. ज्या गावात १८९३ मध्ये वि. ल. भावे यांच्या पुढाकाराने मराठी ग्रंथसंग्रहालय उभे राहिले, तिथल्या कोणत्याही वाचनालयाची अभिप्राय वही उघडून पाहा. ‘अमुक पुस्तकाची पाने फाटली आहेत’ असे लिहिणाऱ्याला ‘मग तुम्हीच बांधून आणा’ असे ग्रंथपाल सांगत नाही. आत्ता जमणार नाही, इतके म्हटले तरी पुरते. तेही न म्हणता नोंद बंद करून टाकणे हा मात्र उद्धटपणा आहे, मग काम कितीही फुकट असो.

जाहीर कुठे बोलू नये, त्याविषयी एवढेच, की ज्या दोषातून कोणाची माहिती चोरीला जाऊ शकते तो आधी प्रकल्पाला खाजगीत कळवावा आणि दुरुस्तीला वेळ द्यावा. हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले माहीत आहे.

तर आता येत्या शनिवारचे. आमच्या सूचीत ‘ळ’ अक्षर असलेली शीर्षके भलत्या जागी लागतात. युनिकोडच्या क्रमात ळ हा ल च्या लगेच पुढे बसवलेला आहे आणि आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे ‘काळ’ने सुरू होणारी पुस्तके ‘काव्य’च्या आधी जाऊन बसली आहेत. नोंद करायला हवी, पण माझा मागचा अनुभव लक्षात घेता मी आधी कपाटातले तीन-चार मराठी शब्दकोश काढून ठेवले आहेत, कारण सगळे कोश ळ ला एकाच जागी ठेवतात की नाही, हे आपण अजून पाहिलेलेच नाही. ज्याने ‘भिकार’ लिहिले होते त्याने जरूर यावे. कोश तो पाहील, शीर्षके मी काढून देईन आणि इंग्रजी दोघे मिळून लिहू. चहा साडेसहाला होतो.

आपली,
ठाण्यातील एक सूचीकार